आमच्या आडनावाचा बसथांबा

जपानी तोंडात ‘ड’ बसत नाही. त्यामुळे विमानतळावर उतरल्या क्षणापासून मी रोडेबाई राहिले नाही, रोदे-सान झाले. आपल्याकडे रोड म्हणजे किडकिडीत. माझ्याकडे पाहून तसं कुणी म्हणणार नाही, पण आडनाव लग्नानं आलेलं, त्यात माझा दोष नाही. रोदे म्हणजे मात्र सरळ रडगाणं. या रोदेपायीच मी जपानात असं एक गाव पाहून आले, जिथे आपल्याकडची सहल कंपनी कुणाला नेणार नाही. पाहण्यासारखं तिथं काय आहे विचाराल, तर एक पावाचं दुकान, एक चढ आणि एक बसथांबा. तिन्हींचं नाव आमचं.

उरायासु

मी फिरायला गेलेच नव्हते. सून मधुरा स्टेशनच्या जिन्यावरून घसरली आणि तिच्या घोट्याचं हाड मोडलं. मुलगा निखिल टोकियोच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, सकाळी सातला जातो तो अंधार पडल्यावर येतो. नात इरा तिसरीत. तेव्हा मला बोलावणं आलं, तेही मे महिन्यात. चिंचवडला माझं शाळेच्या गणवेशांचं युनिट आहे, तेरा मशिनं. मे महिन्यात गणवेशवालीला बोलावणं म्हणजे दिवाळीत फराळवालीला बोलावणं. शालनताईंवर, म्हणजे माझ्या सुपरवायझरवर, सगळं टाकून निघाले, पण जीव तिकडेच होता. इकडची दुपार झाली की तिकडे मशिनं सुरू व्हायची आणि माझे पाय आपोआप हलायला लागायचे.

टोकियोला लागून असलेल्या उरायासुतलं त्यांचं सातव्या मजल्यावरचं घर इतकं लहान की तिसऱ्या दिवशी माझं सगळं आवरून झालं. कचऱ्याचे पाच प्रकार आणि त्यांचे वार पाठ झाले. मधुरा पाय उशीवर ठेवून म्हणायची, “आई, बसा ना जरा.”

“बसून काय करू?”

शेवटी तिनं कंटाळून इराचे शाळेचे कपडे पुढे टाकले. जपानी शाळेत प्रत्येक वस्तूवर नाव लागतं. डब्याच्या फडक्यावर, छत्रीवर, पेन्सिलीवरसुद्धा. पीटीच्या शर्टावर छातीला पांढरी पट्टी शिवायची आणि तिच्यावर आडनाव. मधुरानं पट्टीवर लिहून दिलं: एक चौकट, एक आडवी रेघ आणि पुढे ‘दे’चं अक्षर. आठ दिवसांत पहिल्यांदा हातात सुई आली. मी खुशीत टाके घालत होते, एवढ्यात इरा शाळेतून आली, शर्ट पाहिला आणि म्हणाली, “नको लावू, आजी. मी तो घालणार नाही.”

“का?”

ती जपानीत काहीतरी पुटपुटली.

“मराठीत.”

“पोट दुखतंय.”

पोट तिचं आठवडाभर दुखत होतं. पण मी हिशेब ठेवला होता. “शनिवारी दुखलं नाही, रविवारी सहा धपाटे खाल्लेस. सोमवारी सकाळी सातला बरोबर दुखायला लागतं. पोटात घड्याळ आहे का?”

तेव्हा इराबाई रडल्या आणि सगळं बाहेर पडलं.

झालं होतं असं. मागच्या वर्षी निखिलच्या ऑफिसातल्या एकानं कुठल्याशा गावाहून भेट म्हणून पाव आणला. पिशवीवर चौकट, रेघ, दे. पहिल्या महायुद्धात जपाननं जे जर्मन सैनिक पकडून आणले, त्यातला एक रोदे सुटकेनंतर इथंच राहिला आणि त्यानं पाव भाजायला सुरुवात केली, अशी गोष्ट पिशवीवर छापलेली. निखिल ती वाचून म्हणाला, “अरे वा, हे तर आपल्या भावकीतले निघाले!” इरानं विचारलं, भावकी म्हणजे काय. मधुरा कुकरपाशी होती. ती म्हणाली, “नातेवाईक गं.”

झालं. या वर्षी वर्गात आपापल्या नावाची माहिती लिहायला सांगितली, तेव्हा इरानं भावकीचं जपानी केलं, ‘शिनसेकी’, म्हणजे नातेवाईक. रोदेचा पाव हे आमचे नातेवाईक. वर्गशिक्षिका सातो-सेन्सेई हरखल्या. त्यांना तो पाव माहीत होता. त्यांनी वर्गासमोर सांगितलं, मी दुकानाला पत्र लिहून जुना फोटो मागवते. आणि होनोका नावाच्या मुलीनं मागून म्हटलं, “उसो.” खोटं. इरानं घरी येऊन पिशवीवरची गोष्ट पुन्हा वाचली, त्यात भारत कुठेच नव्हता. तोवर उशीर झाला होता. आता चार मुली तिला उसो म्हणत होत्या, आणि येत्या गुरुवारी पालकांसमोर प्रत्येकानं आपला कागद वाचायचा होता.

संध्याकाळी निखिल आला तेव्हा मी त्याला बूट काढायच्या आत धरलं.

“मी सेन्सेईंना मेल टाकतो ना,” तो म्हणाला. “मुलीचा गैरसमज झाला. दोन ओळींचं काम.”

“इया दा!” इरा आतून ओरडली. म्हणजे मुळीच नको. “मग सगळे म्हणतील, बाबांनी वाचवलं.”

“थट्टा होती गं ती, पिल्लू.”

“मला कुठे माहीत होतं!”

“तू गप्प बस निखिल,” मी म्हटलं. “शनिवारी मी हिला घेऊन त्या दुकानात जाते.”

मधुरा उठून बसली. “दुकानात जाऊन काय करणार तुम्ही? तुम्हाला जपानी येत नाही, आई.”

“हिला येतं ना. न विचारता कुणाचं नाव घेतलं, तर जाऊन सांगायला नको? आणि बाईंच्या पत्राला तिकडून उत्तर आलं, की आमचे भारतात कुणी नातेवाईक नाहीत, तर ही वर्गात काय तोंड दाखवेल?”

निखिलचं शनिवारी ऑफिस होतं, मधुराचा पाय प्लास्टरमध्ये. म्हणून आम्ही दोघीच.

सोगाच्या पुढे

घराजवळच्या शिन-उरायासु स्टेशनापासून सोगा जंक्शनपर्यंत गाडीत सगळे डोळे मिटून उभे. सोगाला गाडी बदलली आणि माणसं संपली. बोसोचं हे द्वीपकल्प खाली दक्षिणेला उतरत जातं तसा उजव्या हाताला समुद्र लागतो, डाव्या हाताला टेकड्या. मे अखेरचे दिवस. भाताच्या खाचरांत पाणी उभं होतं आणि रोपं इतकी सरळ ओळीत, की मला आमच्या कटिंगमास्तरांची आठवण झाली. मध्येच टेकडीवर झाडांना कागदी पिशव्या बांधलेल्या दिसल्या, शेकडो. मला वाटलं पक्षी हाकलायला. इरा म्हणाली, “बिवा.” पिवळं, आवळ्याहून मोठं, आत दोन-तीन गुळगुळीत बिया असलेलं फळ. एकेका फळाला कागदाची टोपी. आपल्याकडे माणसांना उन्हात टोपी मिळत नाही.

स्टेशनवर उतरून खाल्लं. मी धपाटे नेले होते, इरानं दुकानातून भाताचा त्रिकोण घेतला. त्यावरचा प्लास्टिकचा कागद एक, दोन, तीन असे आकडे पाहून ओढायचा असतो. मी मधूनच ओढला, शेवाळाची पानं पिशवीत राहिली आणि भात माझ्या मांडीवर. आत खारवलेलं आंबट फळ होतं. लोणचं-भातच तो, फक्त इस्त्री केलेला.

बस अर्ध्या तासानं होती. मला थांबता येत नाही. मी स्टेशनला चार फेऱ्या मारल्या. शालनताईंचा फोन आला, निळ्या चेक्सचं कापड कमी पडतंय म्हणून. तो मिटवला तेव्हा इरा बाकावर पाय हलवत होती.

“आजी, त्या रागावल्या तर?”

“रागावू देत. रागावणं दहा मिनिटांचं असतं. तुझं पोट किती दिवस दुखतंय?”

बसमध्ये आम्ही दोघी, एक म्हातारे आजोबा आणि ड्रायव्हर. इरा माझ्या दंडाला टेकून झोपली. मी खिडकीतून बघत हळूच लाडू तोंडात टाकला, तोच स्पीकरवरून आवाज आला, रोदे. मी दचकून उभी राहिले. बसमध्ये खायची बंदी असणार आणि ड्रायव्हरला माझं नावही कळलेलं! मी तोंडातल्या लाडवासकट कमरेत वाकून माफी मागितली. आजोबा माझ्याकडे बघत राहिले. इरा जागी झाली, तिनं समोरची पाटी वाचली आणि मी आल्यापासून पहिल्यांदा खदखदून हसली.

“आजी, थांबा आहे तो! रोदे-माए. रोदेच्या समोर.”

लोखंडी खांबावर गोल पाटी, तिच्यावर चौकट, रेघ, दे. त्यामागून वर जाणारा चढ, त्यालाही दगडावर कोरलेलं नाव. इरा म्हणाली, रोदे-झाका, रोदेचा चढ. आमच्या घराण्याच्या नावानं चिंचवडला एक बोळही नाही.

दुकान

चढावरच्या त्या दुकानात पाय टाकला की आधी आंबूस वास येतो, इडलीच्या पिठाचा असतो तसा. लाकडी फळीवर काळपट, जाड सालीचे पाव. गल्ल्यामागे ऐंशीच्या घरातल्या एक बाई, पांढरं एप्रन, ताठ पाठ. एप्रनवर नाव शिवलेलं. टाके हातचे होते आणि चांगले होते.

निखिलनं माझ्या फोनवर भाषांतराची सोय करून दिली होती. इरा दाराशीच थिजली होती, म्हणून मी फोन तोंडाशी धरून स्पष्ट मराठीत सांगितलं, “नमस्कार. आम्ही तुमच्या भावकीतले नाही.”

फोन बोलला. बाईंनी ऐकलं, विचार केला, मान तुकवली आणि दराचं कार्ड आणून माझ्यासमोर धरलं. सर्वांत लहान पावावर बोट ठेवलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी आत जाऊन कालच्या पावांची टोपली आणली.

इरानं येऊन फोनचा पडदा वाचला. “आजी, त्यात आलंय, आम्हाला तुमचे भाव परवडत नाहीत.”

मी फोन पर्समध्ये टाकला. “आता तूच सांग. मी मराठीत बोलते, तू जपानीत सांग. माझ्याकडे बघू नकोस, त्यांच्याकडे बघ.”

मी एक वाक्य बोलले, की ही माझी नात, हिनं शाळेत तुमच्याबद्दल एक चुकीची गोष्ट सांगितली आहे. इरानं ते सांगितलं. मी दुसरं वाक्य जुळवत होते, पण ती थांबलीच नाही. तिचं तीच बोलत सुटली. मध्ये ‘भावकी’ आलं, ‘होनोका’ आलं, ‘उसो’ तीनदा आलं. मला काही कळत नव्हतं, आणि मला न कळणारं काम माझ्यासमोर चाललेलं मला सहन होत नाही. मी बाईंचा चेहरा बघत राहिले. तो रागावला नाही. हसलाही नाही, ते बरं झालं.

त्यांनी ड्रॉवर उघडून एक लिफाफा काढला. सातो-सेन्सेईंचं पत्र. दोन दिवसांपूर्वी आलेलं.

मग त्यांनी आम्हाला मागच्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि पावाचे तुकडे. तो काळा पाव पहिल्या घासाला शिळ्या नाचणीच्या भाकरीसारखा लागतो, दुसऱ्या घासाला बरा, तिसऱ्याला सोडवत नाही. बाईंचं नाव फुमिको. भिंतीवर जर्मनीचा नकाशा, त्यात लाल टाचण्या. रोदे नावाची किंवा शेवटी रोदे लागणारी गावं, इरा सांगत होती. रोदे म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. फुमिको-सान एका गावाला जाऊनही आल्या होत्या.

“कसं होतं?” मी विचारलं.

इरानं विचारून सांगितलं, “म्हणतात, परतीची बस दोन तासांनी होती. पाव ठीक.”

ही बाई मला आवडली.

त्यांनी एक जाड वही काढली. त्यांच्याकडे येणाऱ्या रोदे आडनावाच्या प्रत्येक माणसानं तिच्यात सही केलेली. जर्मनीतले बरेच, एक ब्राझीलचा, एक अमेरिकन, जो स्वतःला ‘रोड’ म्हणायचा. मग त्यांनी तो फोटो दाखवला, ज्यासाठी पत्र आलं होतं. मिशीवाला उंच गोरा माणूस, शेजारी एप्रन घातलेला जपानी पोरगा.

“हे कोण?”

इरा ऐकत राहिली, आणि मग हळू म्हणाली, “आजी, जर्मन रोदेला मुलंच नव्हती. हा त्याच्याकडे काम शिकायचा, त्याला त्यानं दत्तक घेतलं. आणि फुमिको-सान त्याच्या मुलाशी लग्न करून आल्या. म्हणतात, या घरात त्याच्या रक्ताचं कुणीच नाही.”

“म्हणजे याही माझ्यासारख्याच. मी माहेरची थत्त्यांची.”

तिनं ते सांगितलं. फुमिको-सान आता हसल्या. मग फोटोची एक प्रत काढून त्यांनी इरासमोर सरकवली आणि काहीतरी मऊ आवाजात म्हणाल्या.

“काय म्हणतात?”

“घेऊन जा म्हणतात. जुन्या गोष्टी नक्की कुणालाच माहीत नसतात, असं पत्रात लिहिते म्हणाल्या.”

खरं सांगते, मला वाटलं, काम झालं. घे फोटो, चारची बस आहे. कुणाचं नुकसान नाही, मुलीचं पोट थांबेल. मी पर्स उचललीसुद्धा.

इरानं फोटो उचलला नाही. दोन्ही हात मांडीखाली घालून बसली. फुमिको-सान थांबल्या. जपानी माणसाला थांबता येतं. बाहेर दुकानाची घंटा वाजली, गिऱ्हाईक आलं, वाट बघून गेलं, तरी त्या उठल्या नाहीत. माझा पाय हलायला लागला होता, तो मी हातानं दाबून धरला.

मग इरा एक वाक्य बोलली, खाली बघून. फुमिको-साननी मान हलवली, टेबलावरच्या कॅलेंडरवर एका तारखेला खूण केली आणि फोटो पाकिटात घातला.

“काय म्हणालीस?”

“गुरुवारी खरं काय ते मीच सांगेन. तुम्ही फोटो शुक्रवारी पाठवा.”

मी पर्स खाली ठेवली. चारची बस गेली.

निघताना फुमिको-साननी वही पुढे केली. इरानं देवनागरीत लिहिलं, रोडे. फुमिको-सानना ते म्हणून बघायचं होतं. रोदे. रोरे. रोदे. इरा त्यांना आपलं तोंड उघडून दाखवत होती, जीभ वर वळवा, अशी. खुद्द इराचा ‘ड’ पातळ आहे, घरी आम्ही त्यावरून चिडवतो. पण शिकवताना तिनं तो असा दणदणीत काढला, की आमच्या सासूबाईंनी मान डोलावली असती. सातव्या खेपेला फुमिको-सानना जमला. त्यांनी मला वाकून म्हटलं, “रोडे-सान.”

परतीच्या गाडीत इरानं विचारलं, “आजी, भावकी म्हणजे नक्की काय?”

“एका आडनावाची माणसं. नातं असतं किंवा नसतं, ते कुणी तपासत नाही. लग्नाला बोलवावं लागतं, कुणी गेलं तर कळवावं लागतं.”

“आणि मधे?”

“मधे भांडण.”

तिनं ते पावाच्या पिशवीवर लिहून घेतलं.

तिसरीचा वर्ग

गुरुवारी निखिलनं अर्धा दिवस रजा काढली. शाळेत पालकांनी सपाता घरून आणायच्या असतात, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या हिरव्या सपातांत माझी टाच मावेना, म्हणून मी वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून चवड्यांवर उभी. सगळ्या आया करड्या, निळ्या कपड्यांत. माझी जांभळी साडी पाहून दोन मुलं पूर्ण मागे वळली.

इराचा नंबर नववा. आठ मुलं होईपर्यंत मी तीन वेळा पाय बदलले. ती उभी राहिली, कागद समोर धरला. निखिल माझ्या कानात सांगत होता.

“मी मागे म्हणाले होते की रोदेचा पाव आमचे नातेवाईक आहेत. ते खरं नव्हतं.”

निखिल पुढचं सांगायचं विसरला.

“पुढे?” मी त्याला कोपर मारलं.

“माझ्या बाबांनी थट्टा केली, मला ती खरी वाटली, म्हणते.” त्याचे कान लाल झाले होते. बाजूच्या दोन बापांनी त्याच्याकडे पाहून घेतलं. “मी दुकानात जाऊन सॉरी म्हणाले. तिथल्या आजींमध्येही जर्मन रक्त नाही. माझ्या आजीमध्येही रोडे रक्त नाही. पण दोघी रोडे आहेत. मराठीत याला भावकी म्हणतात. लग्नाला बोलवावं लागतं. कुणी मेलं तर कळवावं लागतं.”

ती बसायला लागली तर मधल्या रांगेतून एक हात वर आला. लांब वेणी, ताठ मान. होनोकाच असणार, हे मला न सांगता कळलं. तिचं आडनाव सातो. त्या वर्गात चार सातो आणि पाचव्या बाई स्वतः.

“ती विचारतेय,” निखिल म्हणाला, “मग आम्ही सगळे सातो भावकी आहोत का?”

इरानं कागद उलटून पाहिला. तिथं उत्तर नव्हतं. मग होनोकाकडे बघून तिनं विचारलं, “तुम्ही भांडता का?”

होनोकानं मागच्या बाकावरच्या जाड चष्म्याच्या सातोकडे पाहिलं. “रोज.”

“मग आहात.”

आधी चष्मेवाला हसला, मग बाई, मग सगळा वर्ग. होनोका शेवटी हसली, पण हसली. त्यानंतरच्या पोराचं नाव कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

शुक्रवारी पीटी होती. सकाळी सातला इरा स्वतःच कपाटात शर्ट शोधत होती. अंगात घातला तेव्हा मला दिसलं, पट्टी तिरकी लागली होती. तेरा मशिनांची मालकीण मी, आणि पट्टी बोटभर तिरकी! मी कात्री घेऊन धावले.

“उसवते. दोन मिनिटं.”

“राहू दे, आजी,” ती दप्तर पाठीला लावत म्हणाली. “उशीर होतोय.”